हातानं ओतलेला पेग आधी मोजा

एप्रिल २०२१. इंदूरला आमच्या औषधांच्या दुकानासमोर पहाटेपासून कोरोनाच्या रुग्णांना देत असलेल्या रेमडेसिव्हिर इंजेक्शनसाठी रांग लागायची. रात्री रामबागेत घरी आलो की ज्यांना रिकाम्या हातानं परत पाठवलं त्यांचे चेहरे डोळ्यांसमोरून जात नसत. तेव्हा मी रोज एक पेग घेऊ लागलो. साथ पुन्हा आली आणि कुणाची संध्याकाळ अशी जायला लागली, तर त्यानं एवढं करावं.

आधी मोजा. खोकल्याच्या औषधाबरोबर मिळणाऱ्या मापानं माझा ‘एक’ पेग मोजला, तर तो ७० मिलीचा निघाला. ३० मिली व्हिस्कीत साधारण १० ग्रॅम मद्यार्क असतो. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलीच्या बाटलीत ४० ग्रॅम, म्हणजे ३० मिलीचे चार पेग. आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी लिहा. घरच्यांना दिसू द्या. मला ते फार जड गेलं, पण हात आवरला तो त्यामुळेच.

शेजारीच रात्री कितीला जाग आली तेही लिहा. दारूनं झोप लवकर लागते, पण अंमल उतरला की मोडते, आणि पहाटे छातीत जास्तच धडधडतं. माझे तीन वाजलेलेच असायचे.

बाटली घरात भरून ठेवू नका. तलफ बहुधा ठरल्या वेळी येते आणि अर्ध्या-पाऊण तासात ओसरते. माझी आठची होती. मी आल्या आल्या आंघोळ करून थेट पानावर बसायचो, मग ग्वाल्हेरच्या दादाला फोन. तो काही समजावत बसायचा नाही, दिवसभरात काय झालं तेवढं विचारायचा.

दारूनं विषाणू मरतो, हे मी काउंटरवर कितीदा ऐकलं! पोटात गेलेली दारू विषाणूला मारत नाही.

आता हे नीट वाचा. रोज भरपूर पिणाऱ्याचे सकाळी हात थरथरत असतील, घाम फुटत असेल, तर एकदम सोडायची नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. २०२० च्या लॉकडाउनमध्ये दारूचे ठेके बंद झाले, तेव्हा अशी माणसं झोपेच्या गोळ्या मागायला यायची. मी दिल्या नाहीत. दारूवर त्या घेतल्या तर श्वास मंदावतो. अशा माणसाला डॉक्टरांकडे न्या. फिट आली किंवा तो असंबद्ध बोलू लागला, तर रात्र असली तरी थेट मोठ्या सरकारी रुग्णालयात, आमच्याकडे इंदूरला एमवायला. नुसतं कुणाशी बोलायचं असेल, तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत.