ट्यूबला दोष देण्याआधी: घरगुती हेडफोन अ‍ॅम्प बनवताना या चुका टाळा

पहिला ट्यूब अ‍ॅम्प (काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबांवर चालणारा अ‍ॅम्प्लिफायर) नीट वाजला नाही की माणूस आधी ट्यूब बदलतो. ती समोर दिसते, पेटते, महाग असते, म्हणून संशयही तिच्यावरच. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तसला प्रकार. नव्या बांधणीत ट्यूब बहुधा निर्दोष असते, घोळ असतो तो तिच्या आजूबाजूला.

माझ्या पहिल्या अ‍ॅम्पमध्ये मी ट्यूबचं नऊ पिनांचं सॉकेट वरून मोजलं. डेटाशीटमधली आकृती खालून पाहिल्यासारखी काढलेली असते: मोकळ्या जागेपासून सुरुवात, मग घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. वरून मोजलं की सगळं आरशातल्यासारखं उलटं होतं. दोन संध्याकाळी मी ट्यूबा अदलाबदल करत बसलो होतो!

ट्यूबला आतून तापवणाऱ्या तारेचं, म्हणजे हीटरचंही तसंच. 12एयू7 या ट्यूबचा हीटर 4 आणि 5 या पिनांवर 12.6 व्होल्ट घेतो, किंवा 4-5 एकत्र जोडून त्या आणि 9 यांच्यामध्ये 6.3 व्होल्ट. ईसीसी88 ही दुसरी ट्यूब त्याच सॉकेटमध्ये बसते, पण तिचा हीटर 4-5 मध्ये 6.3 व्होल्टचाच असतो, नववी पिन नुसती शील्डची (आतल्या आडोशाच्या पत्र्याची). 12.6 व्होल्टच्या वायरिंगवर ती लावली तर हीटर जळतो. 4-5 जोडलेल्या सॉकेटमध्ये ती पेटतच नाही, आणि आपण म्हणतो, ट्यूब गेली.

बंद केला तरी जिवंत

इथली चूक पैशांवर निभावत नाही. ट्रान्सफॉर्मरच्या 250 व्होल्टच्या वाइंडिंगला ब्रिज (एसीचं डीसी करणारे चार डायोड) लावला की कपॅसिटरवर सुमारे 350 व्होल्ट डीसी चढतात. ट्यूब गरम होईपर्यंत करंट ओढत नाही, त्यामुळे सुरुवातीला हा आकडा आणखी वर जातो. म्हणून 350 व्होल्टचा कपॅसिटर पुरत नाही, 450 चा घ्या. प्लग काढल्यावरही हे व्होल्टेज तिथेच थांबतं. कपॅसिटरच्या दोन टोकांवर 220 किलोओहम, 2 वॅटचा रेझिस्टर कायमचा जोडा. एकूण 100 मायक्रोफॅरड असतील तर साधारण दोन मिनिटांत ते रिकामे होतात. तरीही हात घालण्याआधी मीटरने मोजा, कारण तो रेझिस्टरही तुटलेला असू शकतो. चालू सर्किटवर मोजताना दुसरा हात खिशात ठेवा.

धातूच्या चासीला (खोक्याला) अर्थिंग हवंच. गुणगुण थांबते म्हणून अर्थची वायर काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो ऐकू नका.

पहिल्यांदा सप्लाय देताना फिलामेंटचा 60 वॅटचा बल्ब सिरीजमध्ये लावा (एलईडी चालत नाही). क्षणभर उजळून मंदावला तर ठीक. प्रखरच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे.

गुणगुण कुठून येते?

सर्वांत जास्त वेळ इथेच जातो, म्हणून आधी कान लावा. वीजपुरवठा 50 हर्ट्झचा असेल तर हीटरकडून येणारा आवाज खालच्या पट्टीतला, गुळगुळीत असतो. सप्लायच्या रिपलचा (डीसीमध्ये उरलेल्या चढउतारांचा) 100 हर्ट्झचा आणि खरखरीत. आता व्हॉल्यूम शून्यावर न्या. आवाज गेला तर दोष इनपुटच्या वायरीत किंवा स्रोताबरोबर झालेल्या अर्थ लूपमध्ये (दोन उपकरणांच्या अर्थमधून बनलेल्या वेटोळ्यात). तसाच राहिला तर आत.

हीटरबाबत नवशिक्यांची ठरलेली चूक म्हणजे त्याचं वाइंडिंग हवेत लोंबकळत ठेवणं. त्याला ग्राउंडचा (सर्किटच्या शून्य व्होल्टच्या बिंदूचा) संदर्भ लागतो. वाइंडिंगच्या मध्यातून काढलेली वायर (मधला टॅप) नसेल तर दोन्ही टोकांपासून एकेक 100 ओहमचा रेझिस्टर ग्राउंडला जोडा. माझ्या अनुभवात एवढ्यानेच निम्म्या तक्रारी मिटतात. हीटरच्या दोन्ही वायरी घट्ट पीळ देऊन चासीच्या कोपऱ्यातून न्या, ग्रिडपासून (ट्यूबच्या सिग्नल घेणाऱ्या पिनेपासून) दूर.

खरखर असेल तर ग्राउंड तपासा. पहिला कपॅसिटर झटक्याझटक्याने चार्ज होतो. त्याचं निगेटिव्ह टोक थेट ब्रिजच्या निगेटिव्हला जायला हवं. ते झटके इनपुटच्या ग्राउंडमधून फिरले की कानात येतात, मग ट्यूब कितीही भारी घ्या.

आवाज आहे, पण बेस नाही

12एएक्स7 या ट्यूबचा अंतर्गत रोध सुमारे 62 किलोओहम. तिच्या प्लेटवरून (जिथून सिग्नल बाहेर पडतो) 32 ओहमचा हेडफोन चालवणं म्हणजे दगडातून तेल काढणं. आउटपुटला 6080 सारखी दणकट ट्यूब, आउटपुट ट्रान्सफॉर्मर किंवा मॉस्फेट (ट्रान्झिस्टरचा एक प्रकार) लागतो. मात्र 6080 चा हीटर एकटाच 2.5 अँपिअर खातो, सप्लायचा ट्रान्सफॉर्मर घेतानाच ते धरा.

आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसेल तर आउटपुट कपॅसिटरचा हिशोब करा. 100 मायक्रोफॅरड 300 ओहमच्या हेडफोनला सुमारे 5 हर्ट्झपर्यंत पुरतात, 32 ओहमला 50 हर्ट्झपासूनच बेस गळायला लागतो. तिथे 470 लावा. जॅकवर एक किलोओहमचा रेझिस्टर ग्राउंडला हवा, नाहीतर हेडफोन लावताच धाडकन ठोका बसेल.

ट्यूबला पेन्सिलीने टिचकी मारल्यावर हेडफोनमध्ये घंटेसारखं वाजलं तर मात्र दोष खरोखर ट्यूबचा असू शकतो. डाव्या-उजव्या चॅनेलच्या ट्यूबा बदलून बघा. आवाज ट्यूबबरोबर सरकला तर तीच.

चांगला हेडफोन लावण्याआधी अ‍ॅम्प पाच-दहा मिनिटं तापू द्या आणि जॅकवरचं डीसी मोजा. शून्याच्या आसपास काही मिलिव्होल्ट चालतात. त्याहून बरंच जास्त दिसलं तर आउटपुट कपॅसिटर गळतोय, तो बदलेपर्यंत जुनाच हेडफोन वापरा.