पोटॅशियम वाढलं की लगेच ई८७.५? मेडिकल कोडिंगमधल्या या चुका टाळा

आम्ही मेडिकल कोडर, म्हणजे अमेरिकन पेशंटच्या फाइली (चार्ट) वाचून त्यातल्या निदानांना ठरलेले कोड देतो. ऐरोलीतल्या आमच्या टीममध्ये नवीन येणारी मुलं पहिल्या आठवड्यात एक चूक हमखास करतात. लॅब रिपोर्टमध्ये पोटॅशियम ५.८ दिसतं, शेजारी लाल अक्षरात 'हाय' असतं, आणि डॉक्टरांची नोट न वाचताच ई८७.५ टाकून मोकळी होतात. हायपरकॅलेमियाचा, म्हणजे रक्तात पोटॅशियम जास्त असण्याचा, कोड ई८७.५ हाच, त्यात वाद नाही. पण तो निदानाचा कोड आहे, आकड्याचा नाही. अमेरिकन चार्टना लागणाऱ्या आयसीडी-१०-सीएमच्या (आजारांच्या कोडची अमेरिकन यादी) गाइडलाइन्समध्ये स्पष्ट लिहिलंय, की लॅबमधला कमीजास्त आकडा डॉक्टरांनी त्याचं महत्त्व नोंदवल्याशिवाय कोड करायचा नाही.

सुरुवातीला मलाही हा नियम नुसता कागदी वाटायचा. मग एक चार्ट ऑडिटमधून परत आला. सकाळचं पोटॅशियम ६.४, खाली बारीक अक्षरात 'सॅम्पल हिमोलाइज्ड', म्हणजे नमुन्यातल्या रक्तपेशी फुटलेल्या. ईसीजी नॉर्मल. दोन तासांनी पुन्हा रक्त घेतलं तर ४.३. डॉक्टरांच्या नोटमध्ये पोटॅशियमचं नावही नाही, कारण त्यांना काही करावंच लागलं नव्हतं. मी मात्र ई८७.५ टाकला होता. शरीरातलं बहुतेक सगळं पोटॅशियम पेशींच्या आत असतं. रक्त काढताना पेशी फुटल्या, पट्टा फार वेळ आवळलेला राहिला किंवा पेशंटने मूठ सारखी आवळली-सोडली, की नळीतलं पोटॅशियम वाढतं, पेशंटचं नाही. माझ्या एका कोडने त्या बाईंच्या रेकॉर्डला नसलेला आजार चिकटला असता, याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून आकडा दिसला की आधी खालची टीप वाचा, मग पुढचा रिपोर्ट शोधा.

पोटॅशियमपुढे वर जाणारा बाण काढलेला असेल, तर तेही निदान नव्हे. नर्सच्या नोटमधला 'हायपरकॅलेमिया' सुद्धा चालत नाही. 'प्रोबेबल हायपरकॅलेमिया' असं डिस्चार्जच्या वेळी लिहिलं असेल, तर भरती झालेल्या पेशंटला कोड करता येतो, ओपीडीच्या पेशंटला नाही.

याच्या उलटी चूक मला जास्त महत्त्वाची वाटते: उपचार पूर्ण झालेत, आणि आजाराचं नाव कुठेच नाही. औषधांच्या शीटवर वाढलेल्या पोटॅशियमवरचे सगळे उपचार: कॅल्शियम ग्लुकोनेट, ग्लुकोजबरोबर इन्सुलिन, सालब्युटामॉलचं नेब्युलायझेशन, शिवाय दर काही तासांनी पोटॅशियमची तपासणी. चार्ट ओरडून सांगतोय, पण डॉक्टरांनी लिहिलंय फक्त 'करेक्शन दिलं'. इथे कोडरने स्वतः निदान करायचं नाही, आणि सोडूनही द्यायचं नाही. क्वेरी, म्हणजे डॉक्टरांना लेखी प्रश्न, पाठवायची. 'पेशंटला हायपरकॅलेमिया होता, कृपया नोंद करावी' ही क्वेरी चुकीची, कारण उत्तर आपणच डॉक्टरांच्या तोंडात घातलं. आकडा, वेळ, ईसीजीचा निष्कर्ष आणि दिलेली औषधं मांडा. विचारा, की हे उपचार कोणत्या अवस्थेसाठी दिले. पर्याय द्यायचे तर 'इतर' आणि 'सांगता येत नाही' हे दोन्ही असू द्या. ई८७.५ मुळे डीआरजी (हॉस्पिटलला मिळणारी रक्कम ठरवणारा गट) वाढत नाही, म्हणून ही क्वेरी टाळणारे मी पाहिलेत. उपचार झालेला आजार रेकॉर्डमध्ये दिसायलाच हवा, पैसे वाढोत न वाढोत.

त्याच औषधांच्या शीटवर आणखी एक खड्डा आहे. इन्सुलिन दिसलं की काही जण डायबिटीस धरतात, नाहीतर इन्सुलिनच्या दीर्घकालीन वापराचा झेड७९.४ लावतात. इथे इन्सुलिन पोटॅशियमला पेशीत ढकलायला दिलेलं असतं, एक-दोनदा. साखरेशी त्याचा संबंध नाही.

औषधामुळे पोटॅशियम वाढलं असेल तर कोडचा क्रम बरेचदा चुकतो. रॅमिप्रिल (रक्तदाबाचं औषध) डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे घेऊन त्रास झाला, तर आधी ई८७.५, मग त्या औषधाच्या दुष्परिणामाचा टी४६.४एक्स५ए. स्पायरोनोलॅक्टोन असेल तर टी५०.०एक्स५ए. गोळ्या चुकून दुप्पट घेतल्या असतील तर ते पॉयझनिंग, आणि टी कोड पहिला येतो. पण औषधाचा संबंध डॉक्टरांनीच लिहिलेला हवा. यादीत रॅमिप्रिल आहे म्हणून आपण जोडायचा नाही. (भारतीय क्लेमसाठी हे कोड जसेच्या तसे उचलू नका. डब्ल्यूएचओच्या आयसीडी-१० मध्ये ई८७.५ तोच आहे, पण रॅमिप्रिलच्या गटातल्या (एसीई इन्हिबिटर) औषधांच्या दुष्परिणामाचा कोड वाय५२.४ आहे.)

हे सगळं अमेरिकन चार्टपुरतं आहे असं मला वाटायचं, ते ठाण्यातल्या आमच्या सोसायटीतल्या काकूंनी खोडून काढलं. काका आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातात. घरी लग्न होतं, एक फेरी चुकली, अशक्तपणा वाटतोय म्हणून कुणीतरी प्रेमाने शहाळ्याचं पाणी दिलं. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, आणि ते बाहेर काढणारं डायलिसिस चुकलेलं. रात्री पाय उचलेनात. हॉस्पिटलमध्ये पोटॅशियम ७.१, ईसीजीत क्यूआरएस (ठोक्याची मुख्य लाट) रुंद झालेला, थेट आयसीयू आणि तातडीचं डायलिसिस. डिस्चार्ज समरीत निदान काय लिहिलं? 'जनरलाइज्ड वीकनेस, सीकेडी', म्हणजे अशक्तपणा आणि किडनीचा जुना आजार. टीपीएने (विमा कंपनीसाठी क्लेम तपासणाऱ्या संस्थेने) विचारलं, अशक्तपणाला आयसीयू कशाला? काकू फाइल घेऊन माझ्याकडे आल्या. "अगं, तू हेच काम करतेस ना? बघ जरा, क्लेम का अडवलाय."

फाइलमध्ये सगळं होतं, फक्त एका ओळीत आलेलं नव्हतं. मी काकूंना सांगितलं, की डॉक्टरांना भेटा आणि एवढंच विचारा, 'आयसीयूत नेमकं कशासाठी ठेवलं, ते समरीत लिहून द्याल का?' डॉक्टरांनी दुरुस्त समरी दिली: डायलिसिस चुकल्यामुळे तीव्र हायपरकॅलेमिया, ईसीजीतील बदलांसह, पोटॅशियम ७.१, तातडीचं हिमोडायलिसिस, त्यानंतर ४.९. सोबत पहिल्या ईसीजीची पट्टी आणि वेळ दिसणारे दोन्ही रिपोर्ट जोडले. क्लेम मंजूर झाला.

घरातल्या कुणाचं डायलिसिस चालू असेल, तर डिस्चार्जच्या दिवशी बिलाच्या आधी समरीतली 'निदान' ही ओळ वाचा. ती तिथेच, डॉक्टर वॉर्डमध्ये असताना दुरुस्त होते. आणि ईसीजीच्या पट्टीची लगेच झेरॉक्स काढून ठेवा. त्या थर्मल कागदावरची नोंद कालांतराने पुसट होते.