केस गळतायत? या चुका टाळा, शॅम्पूला नंतर शिव्या द्या

केस गळायला लागले की आपल्याकडे पहिला आरोपी ठरलेला, पाणी. टँकरचं नाहीतर बोअरचं. मग शॅम्पू. पण ताणाने गळणारे केस त्याच आठवड्यात गळत नाहीत हो, मधे २-३ महिने जातात. केस काही वर्षं वाढतो, मग साधारण ३ महिने नुसता मुळाशी बसून राहतो आणि मग सुटतो. मोठा ताप, बाळंतपण, घरातलं मोठं टेन्शन असं काही झालं की एकदम खूप केस या बसण्याच्या टप्प्यात जातात. २०२१ च्या एप्रिलमध्ये कोविड झालेले कितीतरी जण जुलै-ऑगस्टमध्ये मूठभर केस दाखवत होते ना, ते हेच. म्हणून कालचा शॅम्पू नको, ३ महिन्यांपूर्वीचं कॅलेंडर बघा. कारण गेलं की बहुतेकांचं गळणं ३-६ महिन्यांत आपोआप कमी होतं.

दुसरी चूक जरा गमतीची आहे, झोपेचं खोबरं झालेलं असतं आणि उपाय म्हणून डोक्यावर खोबरेल थापतात. ताण आणि जागरण वाढलं की कोंडाही उसळतो, खाज सुटते, भुवयांत, कानामागे पिवळट चिकट खपल्या दिसतात. यात जी बुरशी असते ती तेलावरच जगते, म्हणजे तुम्ही तिला जेवू घालताय! त्यापेक्षा केटोकोनाझोलचा, म्हणजे बुरशी मारणाऱ्या औषधाचा शॅम्पू आणा, पण लावून लगेच धुतला तर पैसे पाण्यात, ३-५ मिनिटं राहू द्या.

गळतील म्हणून डोकंच न धुणं ही पण चूक. रोज ५०-१०० केस जातातच, ४ दिवसांनी धुतलं की तेच एकदम दिसतात आणि मग रात्री २ वाजता मोबाईलवर उपाय शोधत बसायचं, म्हणजे झोप परत गेली. मोबाईल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा.

आणि ते बायोटिनचे, म्हणजे एका बी व्हिटॅमिनचे गमीज (चघळायच्या गोळ्या). कमतरता नसेल तर फारसा उपयोग नाही, वर थायरॉइडचा रिपोर्ट चुकू शकतो, त्यामुळे टेस्टआधी डॉक्टरांना सांगा. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासून घेतलेलं बरं.

भांग रुंद होत चालला असेल किंवा रुपयाएवढी चाई पडली असेल तर मात्र कांद्याचा रस चोळत बसू नका, सरळ स्किनच्या डॉक्टरकडे जा.