बारा पेल्यांत शरीरातलं पाणी

नागपुरात नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की आईला चक्कर यायची, आणि साधं पाणी तर ती तांब्यावर तांब्या प्यायची. तेव्हापासून नववीच्या वर्गात हा प्रयोग मी दरवर्षी करते.

टेबलावर १२ सारखे पेले भरून मांडा. ७० किलोच्या माणसात साधारण ४२ लिटर पाणी, म्हणजे एक पेला साडेतीन लिटरचा. ८ पेले बाजूला सारा, ते पेशींच्या आतलं पाणी. उरलेल्यांपैकी ३ पेशींच्या भोवती. रक्तद्रवाच्या वाट्याला फक्त १! इथे मुलं गप्प होतात.

आतल्या पेल्यांवर ‘पोटॅशियम’, बाहेरच्यांवर ‘सोडियम’ अशा चिठ्ठ्या लावा. मग काकडीच्या चकतीवर मीठ भुरभुरा. दहा मिनिटांत तिच्यावर थेंब जमतात, चकती मऊ पडते. पाणी मिठाकडे ओढलं जातं, ते असं.

घामातून मीठही जातं, आणि मिठातच सोडियम असतं. त्यावर नुसतं पाणीच भरमसाट प्यायलं तर बाहेरचं सोडियम पातळ होतं आणि पाणी पेशींत शिरतं. जुलाब झाले आणि ओआरएसची पुडी घरात नसली, तर लिटरभर स्वच्छ पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. तोही सपाटच, शीग नको. आतड्यात साखर सोडियमला सोबत घेऊन आत जाते, मागोमाग पाणी.