दुर्रोचं सांत किर्क बघायला जाताना

स्पेनमधे कॅटालोनियाच्या पिरेनीज डोंगरात बोईचं खोरं आहे, तिथली 9 जुनी रोमनेस्क (जाड भिंती नि गोल कमानींच्या मध्ययुगीन शैलीतली) चर्चेस 2000 साली युनेस्कोच्या यादीत गेली आणि बहुतेक लोक ताउल गावचं सांत क्लिमेंत ('सांत' म्हणजे संत) बघतात, फोटो काढतात नि सुटतात. तेही बघाच, पण माझं ऐकाल तर अर्धा दिवस दुर्रो गावासाठी ठेवा, कारण त्या नऊतलं छोटंसं सांत किर्क गावाबाहेर एकटंच डोंगरावर बसलंय, साधारण 1500 मीटरवर.

एक काम मात्र आधी बार्सिलोनातच उरका. माँटजुईक टेकडीवरच्या राष्ट्रीय कला संग्रहालयात जाऊन दुर्रोहून आणलेली वेदीपुढची रंगीत लाकडी फळी बघा, बाराव्या शतकातली. मधोमध जुलिता आणि तिच्या मांडीवर तिचा पोरगा किर्क, दोघंही ख्रिस्ती धर्मासाठी मारले गेलेले संत, बाजूच्या चौकटींत त्यांचे हाल हाल, कुठे करवतीने चिरतायत कुठे कढईत घातलंय, आणि चेहरे बघाल तर एकदम शांत, जणू आंघोळीलाच बसलेत! हे न बघता वर गेलात तर 'एवढंच?' होणार, कारण खोऱ्यातली चित्रं मूळ जागी फारशी उरलीच नाहीत. 1919 ते 1923 मधे भिंतीवरच्या चित्रांना गोंदाने कापड चिकटवून वरचा थर अलगद सोलून काढला आणि बार्सिलोनाला नेला, कारण व्यापारी ती परदेशात विकायला लागले होते, खोऱ्याबाहेरच्या, पण कॅटालोनियातल्याच मूरच्या चर्चची तर अमेरिकेत बॉस्टनला पोचलीसुद्धा.

खोऱ्यात फिरायला गाडी लागतेच. पहिला थांबा एरिल ला वायच्या रोमनेस्क केंद्रात घ्या आणि कुठलं चर्च आज किती वाजता उघडं आहे ते विचारून घ्या, मी न विचारता दुपारी जेवणाच्या वेळेला टपकलो आणि कुलपाकडे बघत सँडविच खाल्लं. सांत किर्कचं दार तर उघडं असेलच असं धरूच नका.

गाडी दुर्रोत लावा आणि चालत निघा, अर्धा-पाऊण तास लागतो, गडकिल्ले फिरणाऱ्यांना हे काहीच नाही. सकाळीच निघा, उन्हाळ्यात दुपारनंतर विजांचा पाऊस कधी गाठेल सांगता येत नाही. थंडीत बर्फ असतो.

पोचल्यावर आधी बाहेरून एक चक्कर मारा. मागची भिंत अर्धगोल आहे, वेदी तिच्या आत. घंटेसाठी मनोरा नाही, नुसती भिंत वर नेऊन तिला कमानी ठेवल्यात. खिडक्या टीचभर का, तर वरचं दगडी छत पिंपासारखं गोल, ते भिंतींना बाहेर ढकलतं, म्हणून भिंती जाड ठेवायच्या आणि भोकं कमी. आत जायला मिळालं तर मोबाईलचा टॉर्च लावू नका, पाच मिनिटं गप उभे रहा, हळूहळू दिसायला लागतं.

उतरताना वाटेत फाटक लागलं तर मागे लावून घ्या, गुरं चरत असतात.