पोटएजंटच्या मोबाइलमधली आधारकार्डं

विमा एजन्सीतली ग्राहकांची माहिती अनेकदा ऑफिसच्या सर्व्हरवरून नाही, तर पोटएजंटच्या व्हॉट्सॲपमधून फुटते. आधार, पॅन, मेडिकल रिपोर्ट, रद्द केलेला चेक, सगळं त्या गॅलरीत वर्षानुवर्षं पडून असतं. फोन हरवला, की ग्राहकाची अख्खी कुंडलीच परक्याच्या हाती.

म्हणून प्रस्ताव दाखल झाला की फोटो फोनमधून आणि बॅकअपमधूनही काढायला लावा. चालत असेल तिथे शेवटचे ४ अंकच दिसणारं मास्क्ड आधार मागा. एका लॉगिनवर पाच जण काम करत असतील तर ते आजच थांबवा. सोडून गेलेल्याचं लॉगिन त्याच दिवशी बंद व्हायला हवं. याबाबतीत भिडस्तपणा नको.

सायबर विमा घेताना एक प्रश्न लेखी विचारा: पोटएजंटच्या स्वतःच्या फोनमधून माहिती फुटली तर संरक्षण मिळेल का? पगारी कर्मचारी नसलेली माणसं अनेकदा पॉलिसीतल्या व्याख्येतच बसत नाहीत. घटना घडलीच, तर विमा कंपनीला लगेच कळवा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांना सायबर घटना त्या संस्थेला ६ तासांत कळवावी लागते. पैसे गेले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.