डिझेल आणि पेट्रोल यंत्रांना एकच इंजिन ऑइल: हंगामापूर्वी निवड कशी करावी

हंगाम तोंडावर आला की ट्रॅक्टर, डिझेल पंप, पेट्रोलवरचा पॉवर टिलर, जनरेटर, फवारणी यंत्र या सगळ्यांचे ऑइल एकदमच बदलायला येते. शेडमध्ये चार-पाच अर्धवट डबे असतात आणि कोणता कशाचा हे घाईत आठवत नाही. सगळ्यांना चालेल असे एकच ऑइल ठेवावे असे वाटणे रास्त आहे आणि बहुतेक ठिकाणी ते जमतेही. फक्त निवड करताना आपल्याकडे जास्त यंत्रे कोणती हे पाहू नका. ज्या यंत्राची मागणी सर्वांत कडक, त्याचे ऑइल आधी ठरवा आणि मग ते बाकीच्यांना चालते का ते तपासा.

चार-स्ट्रोक डिझेल आणि साधी चार-स्ट्रोक पेट्रोल इंजिने मिळून वापरायची असतील, तर १५डब्ल्यू-४० ग्रेडचे ऑइल घ्या. त्यावर डिझेलची सीआय-४ किंवा सीके-४ ही श्रेणी हवी आणि सोबत पेट्रोलची एसएल, एसएम, एसएन किंवा त्यापुढची श्रेणीही छापलेली हवी. डब्यावर दोन्ही नसतील तर विक्रेत्याच्या 'सगळ्याला चालते' या शब्दावर घेऊ नका.

डब्यावरची अक्षरे

या श्रेणी अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे एपीआयच्या आहेत. 'एस'ने सुरू होणारी श्रेणी पेट्रोल इंजिनांची, 'सी'ने सुरू होणारी डिझेलची. दुसरे अक्षर वर्णमालेत जितके पुढे तितकी श्रेणी नवी: सीआय-४ २००२ची, सीजे-४ २००६ची, सीके-४ २०१६च्या अखेरची. शेवटचा ४ चार-स्ट्रोक दाखवतो. साधारणपणे जे अक्षर आधी छापलेले असते, ते ऑइल मुख्यतः त्याच इंजिनासाठी बनवलेले असते. 'सीके-४/एसएन' असे लिहिले असेल तर ते मूळचे डिझेलचे, पण पेट्रोलच्या चाचण्याही उत्तीर्ण झालेले.

यात एक फसवे नाव आहे, एफए-४. तेही २०१६चेच आणि नवे म्हणून चांगले वाटते. पण ते मुद्दाम पातळ ठेवलेले, महामार्गावरच्या काही ठरावीक नव्या डिझेल इंजिनांसाठीचे ऑइल आहे. मॅन्युअलमध्ये नाव घेऊन सांगितले नसेल तर शेतीच्या इंजिनात ते घालू नये.

डिझेलचे पेट्रोलला चालते, उलटे का नाही

डिझेलच्या ज्वलनात काजळी तयार होते आणि तिचा काही भाग ऑइलमध्ये उतरतो. डिझेल ऑइलमधली द्रव्ये या काजळीचे कण सुटे आणि तरंगते ठेवतात. निव्वळ पेट्रोल कारसाठीच्या ऑइलमध्ये ही ताकद कमी असते. ते ट्रॅक्टरमध्ये घातले तर कण एकत्र येऊन गुठळ्या होतात, ऑइल दाटते, फिल्टर तुंबतो आणि कॅम व बेअरिंग झिजू लागतात. शिवाय डिझेलमधल्या गंधकापासून आम्ल तयार होते. ते मारण्यासाठी ऑइलमध्ये क्षाराचा साठा लागतो, ज्याला टीबीएन म्हणतात, आणि तोही डिझेल ऑइलमध्येच जास्त असतो.

डिझेलचे ऑइल साध्या पेट्रोल इंजिनात घातले तर सहसा काही बिघडत नाही. अडचण दोन ठिकाणी येते. पहिली, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवर धूर कमी विषारी करणारा भाग. झीज रोखण्यासाठी ऑइलमध्ये जस्त आणि फॉस्फरस असलेले द्रव्य घालतात आणि हा फॉस्फरस जळून गेला की कन्व्हर्टर हळूहळू निकामी करतो. म्हणून पेट्रोलच्या नव्या श्रेणींत ३० ग्रेडच्या ऑइलला फॉस्फरसची मर्यादा ०.०८ टक्के आहे, तर सीके-४ला ०.१२ टक्क्यांपर्यंत मुभा आहे. पंप, टिलर, जनरेटर यांच्या साध्या इंजिनांना बहुधा कन्व्हर्टर नसतोच, त्यामुळे तिथे ही चिंता नाही. दुसरी अडचण टर्बो आणि थेट इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांची. ऑइलमध्ये कॅल्शियम जास्त असेल तर त्यांच्यात कमी वेगाला अवेळी स्फोट होऊन पिस्टन तडकू शकतो. अशी गाडी दारात असेल तर तिचे ऑइल वेगळेच ठेवा. शेतीच्या डब्याशी तिची सांगड घालण्यात काही शहाणपण नाही.

जाडी: १५डब्ल्यू-४० नेहमीच बरोबर नसते

'डब्ल्यू'च्या आधीचा आकडा थंडीतला, नंतरचा गरम इंजिनातला. १०० अंश सेल्सिअसला ४० ग्रेडच्या ऑइलची जाडी १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक असते, ३० ग्रेडची ९.३ ते १२.५. उन्हाळ्यात आणि सलग ओढकामात ४० ग्रेड सुरक्षित. सकाळचे तापमान उणे १५च्या खाली जाते तिथे १५डब्ल्यू सुरुवातीला फार दाट राहते. तिथे ५डब्ल्यू-४० सिंथेटिक घ्यावे, तेही वरच्याच दोन्ही श्रेणी पाहून.

लहान पेट्रोल इंजिनांच्या मॅन्युअलमध्ये बहुधा १०डब्ल्यू-३० किंवा साधे ३० लिहिलेले असते. उष्ण हवेत त्याजागी १५डब्ल्यू-४० चालते. बऱ्याच मॅन्युअलमधल्या तापमानाच्या तक्त्यात त्याची पट्टी असते, ती एकदा पाहून घ्या. थंडीत मात्र दोरी ओढायला जड जाते. अशा इंजिनांत ऑइल पंपाने न जाता कनेक्टिंग रॉडच्या टोकाने उडवले जाते, त्यामुळे दाट ऑइल पहिले काही क्षण वर पोचत नाही.

लहान पेट्रोल यंत्रेच जास्त आहेत आणि ट्रॅक्टरच्या मॅन्युअलमध्ये १०डब्ल्यू-३०ला परवानगी आहे, अशा ठिकाणी आमची पसंती सीके-४ श्रेणीच्या १०डब्ल्यू-३०ला. नाव तेच असले तरी ते पेट्रोल कारच्या १०डब्ल्यू-३०सारखे नसते. १५० अंशाला जोराच्या घर्षणात सीके-४ ऑइलची जाडी किमान ३.५ मिलिपास्कल-सेकंद राहावी लागते, कारच्या ऑइलला २.९ पुरते. बेअरिंगवरची फिल्म टिकते ती या फरकावर.

या यंत्रांना हा डबा नाही

टू-स्ट्रोक ब्रश कटर, चेन सॉ आणि पाठीवरचे टू-स्ट्रोक फवारे. ज्या यंत्राला इंजिनाचे ऑइल भरायला वेगळे झाकण नाही, फक्त इंधनाची टाकी आहे, ते सहसा टू-स्ट्रोक (चेन सॉवरचे दुसरे झाकण साखळीच्या ऑइलचे). त्यात एपीआय टीसी किंवा जासो (जपानी मानक) एफडीचे टू-स्ट्रोक ऑइल पेट्रोलमध्ये मिसळावे लागते: ५०:१ सांगितले असेल तर लिटरला २० मिली, २५:१ असेल तर ४० मिली. इथे चार-स्ट्रोकचे ऑइल घातले तर त्यातली राख प्लगच्या टोकांवर साचते, रिंगा चिकटतात आणि सायलेन्सरकडचे छिद्र बुजते.

मोटारसायकल. तिचा क्लच इंजिनाच्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, म्हणून जासो एमए किंवा एमए२ हवे. काही डिझेल ऑइलवर ही खूणही असते. असेल तर तो डबा मोटारसायकलच्या मॅन्युअलमधल्या ग्रेडशी जुळवून पाहता येईल. नसेल तर प्रयोग नको, क्लच घसरेल.

डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, बसवलेला नवा ट्रॅक्टर. त्याला सीजे-४ किंवा सीके-४च लागते, कारण या श्रेणींत राख १ टक्क्याच्या आत ठेवलेली असते. काजळी डीपीएफमध्ये जळून जाते, पण ऑइलची राख जळत नाही, ती तिथेच साचते. असा एक जरी ट्रॅक्टर असेल तरी सगळ्या शेडचे ऑइल त्याच्यावरून ठरवा, म्हणजे चुकून सीआय-४ त्यात पडणार नाही. उलट, सगळी इंजिने जुनी आणि डिझेलमध्ये गंधक जास्त, अशी स्थिती असेल तर सीआय-४ अधिक बरे. गंधक १५ पीपीएमच्या वर असताना सीजे-४ किंवा सीके-४ वापरलेच, तर बदलाचे अंतर मॅन्युअलप्रमाणे कमी करा.

ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्स, हायड्रॉलिक आणि ऑइल ब्रेकचे यूटीटीओ ऑइल इंजिनात चालत नाही, आणि इंजिनाचे तिकडे चालत नाही. एसटीओयू नावाचे दोन्हीकडे चालणारे ऑइल मिळते. ते घ्यायचे तर त्यावरची इंजिनाची एपीआय श्रेणी वाचूनच.

ऑइल एक, पण बदलाची वेळ एक नाही

सर्वांत जास्त चूक इथे होते. ट्रॅक्टरला पहिला बदल साधारण ५० तासांनी आणि पुढे बऱ्याच मॉडेलांना २५० तासांनी असतो. पाच-सहा अश्वशक्तीच्या पेट्रोल इंजिनात जेमतेम ६०० मिली ऑइल मावते. त्याला फिल्टर नसतो, थंडावा फक्त हवेचा. चोक ओढून थोडा वेळ चालवून बंद करण्याने न जळलेले पेट्रोल खाली ऑइलमध्ये उतरते. अशा इंजिनाचा पहिला बदल २० तासांनी आणि नंतर १०० तास किंवा सहा महिने, यांतले जे आधी येईल तेव्हा. काही कंपन्या ५० तासच सांगतात. धुळीत किंवा पूर्ण भारावर काम असेल तर अंतर निम्मे करा. महागडे डिझेल ऑइल घातले म्हणून टिलर २५० तास चालवणे हा तोट्याचा सौदा.

रंगावरून निर्णय घेऊ नका. डिझेल इंजिनात नवे ऑइल थोड्याच तासांत काळे होते, म्हणजे ते काजळी धरून ठेवते आहे. दुधाळ दिसले तर पाणी आहे. डिपस्टिकवर पातळी न भरता वाढली तर इंधन किंवा कूलंट आत जाते आहे. वास घेतला की इंधनाचा अंदाज येतो. कारण सापडेपर्यंत यंत्र चालवू नये.

बदलताना इंजिन पाच-दहा मिनिटे चालवून कोमट करा, सपाट जागी उभे करा आणि ड्रेन नट काढल्यावर ऑइल पूर्ण निथळू द्या. नटाचा वॉशर दबलेला असेल तर नवा घाला. फिल्टरच्या रबराला नव्या ऑइलचा हात लावून तो हाताने बसवा, रबर टेकल्यावर साधारण पाऊण फेरा. पान्याने आवळल्यास पुढच्या वेळी तो निघत नाही. थोडे कमी भरून एक-दोन मिनिटे इंजिन चालवा, बंद करून थोडा वेळ थांबा आणि मग पातळी पुरी करा. बऱ्याच लहान इंजिनांत डिपस्टिक आटे न फिरवता नुसती टेकवून पाहायची असते. आटे फिरवून पाहिले तर पातळी खरी असते त्यापेक्षा जास्त दिसते आणि ऑइल कमी भरले जाते. जास्त भरले तर फेस होतो, ब्रीदरमधून ऑइल एअर क्लिनरमध्ये जाते आणि सायलेन्सर निळा धूर सोडतो.

जुन्या, गाळ साचलेल्या इंजिनाला पहिल्यांदाच असे ऑइल घालत असाल तर पहिला बदल निम्म्या वेळेत करा. ही ऑइले साफसफाई जास्त करतात आणि सुटलेला गाळ फिल्टरमध्ये येतो. अडचणीत दुसऱ्या ब्रँडचे थोडे वर ओतले तर इंजिन बिघडत नाही, पण मिश्रण त्यातल्या हलक्या श्रेणीचेच धरावे आणि बदल लवकर करावा. यंत्र वॉरंटीत असेल तर मॅन्युअलमधलीच श्रेणी वापरा आणि बिल ठेवा.

बॅरल बाहेर ठेवायचे असेल तर आडवे ठेवा, दोन्ही बुचे एकाच आडव्या रेषेत, ऑइलच्या पातळीखाली राहतील अशी. उभ्या बॅरलच्या माथ्यावर पाणी साचते आणि दिवस-रात्रीच्या तापमानातल्या फरकाने बुचातून आत ओढले जाते. नरसाळे आणि माप झाकून ठेवा. कीटकनाशकाच्या रिकाम्या डब्यात ऑइल भरू नका. जुने ऑइल जमिनीवर, लाकडावर किंवा चेन सॉच्या साखळीला वापरू नका. झाकणाच्या वेगळ्या कॅनमध्ये, पेट्रोल किंवा कूलंट न मिसळता साठवून पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे द्या.

हंगाम संपल्यावर यंत्र महिनोन्‌महिने बंद राहणार असेल तर ते ठेवून देण्याआधीच ऑइल बदला, यंत्र पुन्हा काढताना नव्हे. वापरलेल्या ऑइलमधले आम्ल आणि ओल बंद काळात बेअरिंग खात राहते. नवे ऑइल भरून इंजिन दोन-तीन मिनिटे चालवा, म्हणजे ते सगळीकडे पोचेल, आणि तारीख व तास टाकीवर लिहून ठेवा.